सोन्याचा डोंगर कुणाचा? अद्भुतकथेतली उसनवारी

आजचा विषय तुमच्यापैकीच काहींनी पाठवलेल्या प्रश्नांतून आला आहे. प्रश्न विचारणारी बहुतेक मंडळी फँटसी, म्हणजे आपल्या भाषेत अद्भुतकथा, लिहू पाहणारी आहेत. सगळ्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ एकच : 'माझ्या कथेत जादूची अंगठी आहे, ड्रॅगन आहे, जादूगारांची शाळा आहे. हे सगळं आधीच कुणीतरी लिहून ठेवलंय. मग मी लेखक की चोर?' प्रश्न गमतीचा वाटतो, पण तो तसा नाही. या एका शंकेपायी माणसं लिहायची थांबतात. आणि दुसऱ्या बाजूला अशीही माणसं आहेत की ज्यांना ही शंका कधी येतच नाही. तीही काळजीचीच गोष्ट आहे.

सुरुवात ह्यूमपासून करू. डेव्हिड ह्यूमने 1748 साली सोन्याच्या डोंगराचं उदाहरण दिलं. सोन्याचा डोंगर कुणी पाहिलेला नाही, तरी आपण त्याची कल्पना करू शकतो. का? तर सोनं पाहिलेलं आहे आणि डोंगरही पाहिलेला आहे. मन फक्त सांधा जुळवतं. ह्यूमचं म्हणणं असं की कल्पनाशक्ती कितीही उंडारली तरी तिचा कच्चा माल अनुभवातूनच येतो. हे मान्य केलं तर 'संपूर्ण नवी कल्पना' ही मागणीच चुकीची ठरते. पण ह्यूम इथे आपल्याला अर्ध्या वाटेवर सोडतो. सगळेच सांधे जुळवतात हे खरं, पण एकाचं जुळवणं निर्मिती वाटतं आणि दुसऱ्याचं नक्कल. हा फरक कुठून येतो?

यासाठी आपल्याकडे या. 'कथासरित्सागर' सगळ्यांना नावाने माहीत असतो, वाचलेला फार थोड्यांनी असतो. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने तो रचला. त्याची सुरुवात पाहा. पार्वती शंकराकडे हट्ट धरते की मला अगदी नवी, कुणीच न ऐकलेली कथा सांगा. शंकर दार बंद करून विद्याधरांची कथा सांगतो. पुष्पदंत नावाचा गण गुपचूप आत शिरून ती ऐकतो, घरी जाऊन बायकोला, जयेला, सांगतो, आणि जया तीच कथा पार्वतीला ऐकवते. पार्वती भडकते : तुम्ही तर जुनीच कथा सांगितलीत, ही जयेलासुद्धा ठाऊक आहे! म्हणजे बघा, कथा एकदा फुटली की ती 'जुनी' व्हायला एक रात्र पुरते. शाप मिळतात, पुष्पदंत पृथ्वीवर जन्म घेतो, आणि ती कथा तोंडातोंडी फिरत गुणाढ्यापर्यंत येते.

गुणाढ्य आपला. म्हणजे परंपरेने त्याला प्रतिष्ठानच्या, आपल्या पैठणच्या, सातवाहन राजाच्या दरबारात बसवलं आहे. तो पैशाची भाषेत सात लाख श्लोक लिहितो, तेही स्वतःच्या रक्ताने. राजा त्या भाषेमुळे ग्रंथ नाकारतो. मग गुणाढ्य डोंगरावर अग्नी पेटवून एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवतो आणि जाळतो. सहा लाख श्लोक जातात. राजा पश्चात्तापाने धावत येतो तेव्हा एक लाख उरलेले असतात, तीच 'बृहत्कथा'. ती मूळ 'बृहत्कथा' आज उपलब्ध नाही. सोमदेव मात्र आरंभीच सांगून टाकतो की मी तिचा संक्षेप करतो आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

याच ग्रंथात पुत्रकाची गोष्ट आहे. मयासुराचे दोन मुलगे तीन वस्तूंसाठी भांडताहेत : पायात घातल्या की उडता येतं अशा पादुका, लिहील ते खरं करणारी काठी, आणि हवं ते अन्न देणारं भांडं. पुत्रक म्हणतो, भांडता कशाला, धावा, जो जिंकेल त्याच्या वस्तू. ते धावतात आणि हा पादुका घालून वस्तूंसकट पसार! भांडणाऱ्या वारसांकडून जादूच्या वस्तू पळवण्याची हीच युक्ती ग्रिम बंधूंच्या जर्मन संग्रहातही सापडते. आता ती कुणाची? तिला मालक नाही. अशा वस्तू सार्वजनिक पाणवठ्यासारख्या असतात. घागर कुणाचीही चालते.

तर मग नक्कल कशाला म्हणायचं? याचं मला सापडलेलं सगळ्यात नेमकं उत्तर नवव्या शतकातल्या आनंदवर्धनाचं आहे. 'ध्वन्यालोका'च्या चौथ्या उद्द्योतात तो कवींच्या साम्याचे तीन प्रकार करतो. पहिलं साम्य आरशातल्या प्रतिबिंबासारखं : त्याला स्वतःचा आत्माच नाही. दुसरं चित्रासारखं : आत्मा आहे, पण क्षुल्लक. तिसरं दोन देहधारी माणसांमधल्या साम्यासारखं. दोन भावांचे चेहरे सारखे असतात म्हणून आपण एकाला दुसऱ्याची नक्कल म्हणत नाही. प्रत्येकाचा जीव वेगळा असतो. पहिली दोन टाळावीत, तिसरं टाळायचं कारण नाही, असं तो सांगतो. अद्भुतकथा त्याच्यासमोर नव्हती, पण ही फूटपट्टी तिला तंतोतंत लागू पडते.

लावून बघू. टोल्किन ऑक्सफर्डला जुन्या इंग्रजीचा प्राध्यापक. 'द हॉबिट' 1937चं. त्यातल्या बुटक्यांची बहुतेक नावं, आणि गॅन्डाल्फ हे नावसुद्धा, जुन्या नॉर्स काव्यातल्या बुटक्यांच्या यादीतून जसंच्या तसं उचललेलं आहे. ड्रॅगनच्या खजिन्यातून पेला चोरणं 'बेओवुल्फ'मधलं. आणि अंगठी? अदृश्य करणारी अंगठी प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये आहे. लिडियातला एक मेंढपाळ. भूकंपाने जमीन फाटते, त्याला प्रेताच्या बोटात सोन्याची अंगठी मिळते. तिच्या बळावर तो राणीला फितवतो, राजाला मारतो आणि राज्य घेतो. ग्लॉकॉन विचारतो, कुणी पाहतच नसेल तर सज्जन तरी सज्जन राहील का? प्लेटोची अंगठी स्वतः काहीच करत नाही, ती फक्त माणूस उघडा पाडते.

टोल्किनने ती प्लेटोकडून घेतली असा माझा दावा नाही. पण त्याने तिचं काय केलं ते बघा. 'हॉबिट'च्या पहिल्या आवृत्तीत ती एक सोयीची जादूची अंगठी होती, आणि गॉलम ती कोड्यांच्या पैजेत बक्षीस म्हणून लावायला राजी होता. पुढे मोठी कादंबरी लिहिताना अंगठीचा अर्थ बदलला. आता ती धारण करणाऱ्याला पोखरते. ती राजीखुशीने कुणी देणं शक्यच नाही. मग 1951च्या आवृत्तीत टोल्किनने ते प्रकरण नव्याने लिहिलं, आणि जुनी हकीकत म्हणजे बिल्बोने सांगितलेली थाप होती, असं ठरवून टाकलं! म्हणजे थाप हीच अंगठीच्या दुष्परिणामाची पहिली खूण झाली. आता प्रश्न ग्लॉकॉनचा उरला नाही. तो असा झाला : एवढी सत्ता चांगल्या हेतूने तरी वापरता येईल का? गॅन्डाल्फ ती घ्यायला नकार देतो तो याच भीतीने. अंगठी जुनी, जीव नवा. आनंदवर्धनाचं तिसरं साम्य ते हेच.

उलट 1977 साली टेरी ब्रुक्सची 'द सोर्ड ऑफ शनारा' आली आणि तडाखेबंद खपली. तिच्या निम्म्याअधिक प्रसंगांखाली 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा प्रसंग ओळखू येतो, अशी टीका तेव्हाच झाली. माझ्या मते ती आरशाच्या आणि चित्राच्या मधे कुठेतरी बसते. मजा येते, पण प्रश्न नवा पडत नाही. ज्यांना ती प्रिय आहे त्यांनी रागावू नये. लहानपणी वाचलेल्या पुस्तकांवर टीका ऐकवत नाही, हे मला कळतं.

मराठीत नारायण धारप. 'लुचाई' ही स्टीफन किंगच्या 1975च्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली, आणि ती स्वतः स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'ला अमेरिकन गावात आणून उभी केलेली. धारपांची 'आजी' ही कथाही किंगच्या कथेवरून आलेली. आणि धारपांच्या कथेतून प्रेरणा घेत 2018 साली 'तुंबाड' चित्रपट आला, ज्याचं नाव पुन्हा श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'ची आठवण देणारं. पण त्यातलं आईच्या गर्भासारखं ते तळघर, कोकणातला तो न थांबणारा पाऊस आणि मुद्रांचा लोभ, हे किंगकडे नाही. तिथे जीव नवा आहे.

मग तक्रार कशाबद्दल? उधारी न सांगण्याबद्दल. कायदा कल्पनेला संरक्षण देत नाही, फक्त मांडणीला देतो; आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली आर. जी. आनंद खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. तेव्हा पाणवठ्यावरचं पाणी नेताना पावती फाडायची गरज नाही. परंतु एखाद्याचा आख्खा सांगाडा घेतला असेल तर नाव सांगायला हवं. 'ती फुलराणी' शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याने पुलंचं काय कमी झालं? आणि गुणाढ्याचा ग्रंथ गेला, तरी सोमदेवासारख्या त्याच्या वारसदारांनी नाव घेतलं म्हणून पैठणच्या त्या माणसाबद्दल आज आपण बोलतो आहोत.

तेव्हा ज्याने दोनशे पानं बाजूला ठेवल्याचं कळवलंय त्याला माझं सांगणं : अंगठी काढू नका. ती तुमच्या पात्राला असा कोणता प्रश्न विचारते, जो आधीच्या अंगठीने विचारला नव्हता, ते शोधा. सापडला नाही, तर ती पानं खरंच बाजूला राहू द्या.

ग्लॉकॉनच्या युक्तिवादाला आज जेमतेम स्पर्श झाला. पुढच्या व्याख्यानात 'रिपब्लिक'चा दुसरा भाग घेणार आहे. वाचून आलात तर बरं.