बर्न्स वॉर्डातली कायमची माणसं

साठ किलो वजनाचा माणूस ३० टक्के भाजला, तर पहिल्या चोवीस तासांत त्याला साधारण ७,२०० मिलिलिटर सलाईन लागतं. त्यातलं निम्मं पहिल्या आठ तासांत. आणि तास मोजायचे ते भाजल्यापासून, रुग्णालयात आणल्यापासून नव्हे. डॅलसच्या पार्कलंड रुग्णालयात चार्ल्स बॅक्स्टर यांनी १९६०च्या दशकात बसवलेला हा हिशेब. गुणाकार कुणालाही जमेल. अवघड असतं ते रात्रभर, दर तासाची लघवी बघून सलाईनचा वेग कमी-जास्त करणं. अमेरिकेतल्या अनेक बर्न सेंटर्समध्ये हे काम नर्स प्रॅक्टिशनरकडे असतं.

पदव्युत्तर शिक्षण घेऊन तपासणी, निदान आणि औषधं लिहून देण्याचा अधिकार मिळवलेली ही परिचारिका. कोलोरॅडो विद्यापीठात १९६५ मध्ये लॉरेटा फोर्ड आणि हेन्री सिल्व्हर यांनी हा अभ्यासक्रम सुरू केला, तो लहान मुलांच्या आरोग्यासाठी. पुढे २००३ मध्ये अमेरिकेतल्या निवासी डॉक्टरांच्या कामावर आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली आणि रुग्णालयांनाही नर्स प्रॅक्टिशनरची गरज भासू लागली.

म्हणजे बोलावलं गेलं ते तूट भरून काढायला! पण बर्न्समध्ये या पदाचं खरं मोल वेगळंच आहे. निवासी डॉक्टर पाळीपाळीने बदलत राहतात. भाजलेला माणूस मात्र जखम भरल्यावरही वर्ष-दीड वर्ष येत असतो: झोप उडवणारी खाज, आखडलेली कोपरं, दिवसरात्र घालायचे घट्ट प्रेशर गारमेंट्स, शाळेत परत जायला घाबरणारं पोर. या सगळ्याला पहिल्या ड्रेसिंगपासून ओळखणारं एक माणूस लागतं. ड्रेसिंगच्या वेळचं किंचाळणं ऐकलेल्या बाईला तोच रुग्ण चालत ओपीडीत आलेला दिसतो. नोकरीचं समाधान म्हणतात, त्यातला मोठा वाटा इथे आहे, असं मला वाटतं.

पण नुसत्या भावनेवर नोकरी निभत नाही. नर्स प्रॅक्टिशनरचं समाधान मोजण्यासाठी मिसनर आणि कॉक्स यांनी २००१ मध्ये ४४ प्रश्नांची मोजपट्टी तयार केली. तिच्यात पगार-सवलती आणि वेळ आहेच. शिवाय स्वायत्तता आणि सहकाऱ्यांनी दिलेला मानही आहे. ही स्वायत्तता किती, हे ठरवणारा कायदा मात्र अमेरिकेत राज्यागणिक बदलतो. पार्कलंड ज्या टेक्सासमध्ये आहे, तिथे औषध लिहायला आजही डॉक्टरशी लेखी करार लागतो.

आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी असा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आणला आहे. तो शिकून आलेल्या सिस्टरना त्या तोडीचं पद, पगार आणि अधिकार सरकारने द्यावेत, आणि सुरुवात बर्न्स वॉर्डांपासून करावी.