काळ्या पेटीला डोळे हवेत का?

विमान कोसळल्याच्या बातमीपाठोपाठ दुसरी बातमी येते : काळी पेटी सापडली. खरे तर ती काळी नसते. ढिगाऱ्यात चटकन दिसावी म्हणून तिला भडक नारिंगी रंग देतात. बहुतेक प्रवासी विमानांत अशा दोन पेट्या असतात. एक वेग, उंची, इंजिनांची स्थिती टिपते. दुसरी कॉकपिटमधले आवाज. पन्नासच्या दशकात 'कॉमेट' जेट विमानांना अपघात होऊ लागले, तेव्हा मेलबर्नचे संशोधक डेव्हिड वॉरन यांना आवाज टिपून ठेवण्याची कल्पना सुचली. त्यांचे वडील १९३४ मध्ये विमान अपघातातच गेले होते.

पेटीला कान मिळाले. डोळे मात्र नाहीत. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला एअर इंडियाचे विमान कोसळून २६० जण मृत्युमुखी पडले. जुलैमधील प्राथमिक अहवालानुसार, उड्डाण होताच दोन्ही इंजिनांचे इंधन-स्विच एका सेकंदाच्या अंतराने 'बंद' स्थितीत गेले. का बंद केलेस, असे एक वैमानिक विचारतो. मी केले नाही, असे दुसरा सांगतो. कोण कोणाला विचारत होता, हे अहवालात नाही. मग तर्ककुतर्कांना ऊत आला आणि उत्तर द्यायला दोघेही वैमानिक हयात नव्हते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २००० सालीच कॉकपिटमध्ये चित्रमुद्रणाची शिफारस केली होती. वैमानिकांच्या संघटनांचा विरोध आहे आणि तो पोरकट नाही. चित्रफीत फुटली तर? मृत्यूचे शेवटचे क्षण दूरचित्रवाणीवर झळकले तर? कंपनीने ती शिक्षेसाठी वापरली तर?

पण कॅमेरा केवळ दोषी शोधतो, असे नाही. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियात 'स्पेसशिप टू' हे प्रायोगिक यान हवेतच मोडले. शेपटीचे कुलूप सहवैमानिकाने वेळेआधी उघडल्याचे आतल्या चित्रणात दिसले. मंडळ तेथेच थांबले नाही. माणसाच्या एका चुकीने यान मोडू शकते, याचा विचार निर्मात्या कंपनीने आधी केला नव्हता, असा ठपका त्याने ठेवला.

अमेरिकेत तपास मंडळाला कॉकपिटमधले ध्वनिमुद्रण जाहीर करण्यास कायद्याने मनाई आहे. लिखित संभाषण तेवढे प्रसिद्ध होते. चित्रणालाही तसेच कडक कुलूप हवे. चेहरे नकोत, हात आणि उपकरणे दिसली तरी पुरे. आज वैमानिकाला कॅमेऱ्याची धास्ती वाटते. पण तो निर्दोष असेल, तर उद्या त्याची बाजू मांडणारा तोच एक साक्षीदार असेल.