कॉफी जपून ठेवू नये
(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिक अंकासाठी कॉफीवर लेख लिहिते आहे असे मैत्रिणींना सांगितले, तेव्हा त्या हसल्या. "त्यात लिहिण्यासारखे काय आहे? दुधात पूड टाकायची, साखर टाकायची, उकळी आली की उतरवायचे!" वाचकांपैकी पुष्कळांचे मत असेच असेल. दोन वर्षांपूर्वीपर्यंत माझेही होते. आता त्याची थोडी लाज वाटते, कारण माझे वडील गेली २२ वर्षे माटुंग्याच्या एका दुकानात कॉफी भाजण्याचे काम करतात.

आमच्या घरी रोज चहा. कॉफी यायची ती वर्षातून एकदा. दर दिवाळीला मालक दुकानातल्या माणसांना मिठाईबरोबर अर्धा किलो कॉफीपूड देतात, त्याच दिवशी भाजलेली आणि त्याच दिवशी दळलेली. आबा तो पुडा घेऊन बसमधून वडाळ्याला येत, तेव्हा शेजारची माणसे मान वळवून बघत असे ते सांगतात. घरी आला की आई तो पुडा स्टीलच्या डब्यात भरी, झाकणावर फडके बांधी आणि वरच्या फळीवर मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवून देई. मग तो डबा निघे तो पाहुणे आले तर, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, कोणी तापाने पडले तर, आणि माझ्या दहावी-बारावीच्या अभ्यासाच्या रात्री. अर्धा किलो कॉफी आई गणपतीपर्यंत पुरवी. कॉफी म्हणजे दूध, साखर, चमचाभर पूड आणि वर किसलेले जायफळ. मला ती फार आवडे. ते जायफळ आवडत होते हे मात्र फार उशिरा कळले.

प्रथम वर्षाला असताना माटुंग्याला राहणाऱ्या एका तमिळ मैत्रिणीच्या घरी गेले. तिच्या आजीने पितळेच्या पेल्यात कॉफी दिली. त्यात जायफळ नव्हते, वेलदोडा नव्हता, साखरही बेताची. पहिल्या घोटालाच मी थबकले. कडूपणा होता, पण तो औषधासारखा नव्हता. भाजलेल्या दाण्याचा खमंगपणा होता आणि मागाहून जिभेवर काहीतरी गोडसर रेंगाळत होते. मी भीतभीत विचारले, "ही कोणती कॉफी?" आजींनी दुकानाचे नाव सांगितले. ते आबांचेच दुकान! पूड परवा आणलेली होती.

रात्री आबांना विचारले, "एकाच दुकानाची कॉफी, मग आपल्या घरची अशी का लागत नाही?" आबा जेवताजेवता म्हणाले, "आपल्या घरची मेलेली असती, पोरी."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

त्यांनी आत ओट्याशी उभ्या असलेल्या आईकडे बघितले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "ती एवढी जपून ठेवती. तिला काय सांगू?"

कॉफी मरते म्हणजे काय होते, हे मी त्यानंतर थोडे आबांकडून आणि थोडे ग्रंथालयातल्या पुस्तकांतून समजून घेतले.

कॉफी हे एका झुडपाच्या फळातले बी. फळ पिकले की लाल होते आणि त्यात दोन बिया पोट लावून बसलेल्या असतात. एखाद्या फळात एकच बी वाढते, ते गोल होते; त्याला बाजारात पीबेरी म्हणतात. जुन्या मराठीत कॉफीच्या दाण्याला बुंद म्हणत, तो अरबी 'बुन्न'. शब्द अरबस्तानातला आणि दाणाही तिकडूनच आलेला. इ.स. १६७० च्या सुमारास बाबा बुदन नावाच्या सूफी फकिराने यात्रेहून परतताना येमेनमधून सात दाणे लपवून आणले आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावले, असे सांगतात. आजही देशातली सुमारे ७० टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात होते. बाकीची मुख्यतः केरळ व तमिळनाडूत. आपल्या महाराष्ट्रात अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याला थोडी पिकते, हे वाचून मला नवल वाटले. जाती मुख्यतः दोन. अरेबिका ही उंच डोंगरावरची, सुवासिक आणि किंचित आंबटसर. रोबस्टा कडक, कडू आणि स्वस्त. दुकानात बहुधा दोन्ही मिसळून देतात आणि त्यात काही वावगे नाही.

कच्चा दाणा हिरवट-करडा असतो. त्याला कॉफीचा वास मुळीच येत नाही, येतो तो ओल्या गवताचा. मात्र तो कोरड्या जागी ठेवला तर वर्षभर चांगला राहतो. सगळी गंमत भाजण्यात आहे. फिरत्या ढोलात दाणा तापत जातो, आधी पिवळा पडतो, मग त्याला भाकरी भाजल्यासारखा वास येतो, मग तो तपकिरी होतो, आणि २०० अंशांच्या आसपास लाह्या फुटाव्यात तसा तडतड आवाज सुरू होतो. हा पहिला तडका. आणखी भाजत राहिले तर काही वेळाने दुसरा तडका येतो, तो बारीक, सुके गवत मोडल्यासारखा. या दोन आवाजांच्या मध्ये कुठे थांबायचे यावर कॉफीची चव ठरते. ढोलाला उष्णतामापक लावलेला आहे, पण आबा त्याच्याकडे बघत नाहीत, कान देतात. ढोलाजवळ कोणी बोलू लागले की हात वर करून गप्प करतात. एक किलो कच्च्या दाण्याचे भाजून आठशे-साडेआठशे ग्रॅम होतात. बाकीचे पाणी, वायू आणि फोलपटे होऊन उडून जाते.

भाजलेल्या दाण्याच्या पोटात कर्बवायू कोंडलेला असतो. तो पुढे कित्येक दिवस हळूहळू बाहेर पडत राहतो आणि त्याच्याबरोबर सुवासही. उलट बाहेरची हवा आत शिरते आणि दाण्यातल्या तेलाला खवट करते. म्हणजे कच्चे असताना वर्षभर टिकणारे बी भाजले की काही आठवड्यांचे सोबती होते. दळल्यावर तर त्याचे हजारो तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा हवेला उघडा पडतो. पूड पहिल्या आठवड्यातच उतरणीला लागते. आणि आमचा डबा तर दहा महिने फळीवर, तोही गरम मसाल्याच्या शेजारी! मुंबईतली सर्वांत ताजी कॉफी दर दिवाळीला आमच्या घरी येत होती, आणि आम्ही ती सर्वांत शिळी करून पीत होतो.

एवढे ज्ञान झाल्यावर मला स्वतः भाजून बघण्याची हौस आली. आबांनी शंभर ग्रॅम कच्चे दाणे आणून दिले आणि काही न बोलता बाजूला बसले. मी लोखंडी कढई चांगली तापवली, दाणे टाकले आणि शेंगदाण्यासारखे परतू लागले. पाच मिनिटांत धूर झाला. शेजारच्या काकू "काय गं, दूध लागलं का?" म्हणत दारात आल्या. फोलपटे उडून देवाच्या फोटोपर्यंत गेली. दाणे वरून काळे झाले म्हणून उतरवले, एक फोडून पाहिला तर आत पिवळा! आबा हसून म्हणाले, "कढईनं भाजलंस, आचेनं न्हाई." आच मंद ठेवायची, हात एक क्षणही थांबवायचा नाही, आणि तडतड ऐकल्यावर मिनिट-दीड मिनिटात दाणे पसरट ताटात ओतून पंख्याखाली गार करायचे, नाहीतर ते स्वतःच्या उष्णतेने भाजत राहतात. दुसऱ्या खेपेला बरे जमले. तरीही घरी भाजा असा आग्रह मी कोणाला करणार नाही. भाजणाऱ्याला गाठावे, हे बरे.

ते कसे गाठावे? मुंबईकरांना माटुंगा आहेच. इतर शहरांतही दाक्षिणात्य वस्ती असेल तिथे कॉफी दळून देणारे एखादे दुकान सापडते. दुकानात गेल्यावर किंमत विचारण्याआधी विचारावे, "भाजली कधी?" पाकिटावर असते ती पुष्कळदा भरल्याची तारीख, भाजल्याची नव्हे. हल्ली चिकमगळूर आणि कोडगूकडचे काही लहान भाजणारे पाकिटावर भाजल्याची तारीख छापतात आणि घरपोच पाठवतात. गावाकडे राहणाऱ्यांना हा मार्ग चांगला. ढोल कोणत्या वारी चालतो ते विचारून ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी जावे. समोर दळून घ्यावी. शंभर ग्रॅमच घ्यावी. २०२४ पासून कॉफीचे भाव फार चढले आहेत, तेव्हा थोडी घेणे खिशालाही सोयीचे. घरी मिक्सर असेल तर दाणेच आणावेत आणि लागतील तेवढे दळावेत. मात्र त्याच भांड्यात मसाला वाटत असाल तर आधी मूठभर तांदूळ फिरवून टाकावे.

चिकोरीविषयी दोन शब्द. चिकोरी म्हणजे कॉफी नव्हे, ते एका झाडाचे भाजलेले मूळ. तिच्याने रंग गडद होतो, दाटपणा येतो आणि किंमत उतरते. कायद्याने मिश्रणात ती ४९ टक्क्यांपर्यंत चालते आणि प्रमाण पाकिटावर छापावे लागते. वीस टक्क्यांपर्यंत मला ती आवडते. त्यापुढे आपण काय पितो आहोत याचा विचार करावा.

करण्याची रीत सोपी आहे. फिल्टर म्हणजे एकावर एक बसणारी दोन भांडी, वरच्याच्या बुडाला बारीक भोके. वरच्या भांड्यात तीन मोठे चमचे शिगोशीग पूड घालावी, दांडीच्या चकतीने हलकेच दाबावी. जोर लावला तर पाणी अडून बसते. पाणी उकळले की अर्धे मिनिट थांबून साधारण एक वाटी ओतावे आणि झाकण ठेवावे. वीसेक मिनिटांत खाली काळाभोर अर्क जमतो; माटुंग्यात त्याला डिकॉक्शन म्हणतात. एका पेल्याला त्याचा एक भाग आणि कढत दुधाचे तीन. डिकॉक्शन पुन्हा उकळू नये, सुवास जातो आणि करपट कडूपणा उरतो. फिल्टर नसेल तर पातेल्यात पाणी उकळून गॅस बंद करावा, पूड घालून चार मिनिटे झाकावे, गार पाण्याचा हबका मारावा म्हणजे गाळ तळाला बसतो, आणि पातळ फडक्यातून गाळून घ्यावे. आमच्याकडे पहिले सहा महिने असेच चालले.

ताजेपणाची परीक्षा याच वेळी होते. गरम पाणी पडल्याबरोबर पूड फुगून वर आली, बुडबुडे फुटू लागले, तर समजावे की पोटात अजून वायू आहे. शिळी पूड चिखलासारखी निमूट बसून राहते. आमच्या फळीवरच्या डब्यातली पूड मी अशी तपासली, ती मुळीच हलली नाही. आई शेजारी उभी होती. ती काहीच बोलली नाही, पण दुपारी तिने तो डबा रिकामा करून घासून ठेवला.

जायफळावर माझा राग नाही. ताज्या कॉफीत चिमूटभर जायफळ घालून बघितले, छान लागते. फक्त शिळ्या कॉफीचा दोष ते इतका झाकते की दोष आहे हे कळतच नाही.

गेल्या दिवाळीत आबा पुडा घेऊन आले, तो आईने त्याच संध्याकाळी फोडला. मजल्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांना फराळाबरोबर कॉफी गेली. तुळशीच्या लग्नापर्यंत पुडा संपला. आई रिकामा डबा हातात घेऊन म्हणाली, "आता कोणी आलं तर?" आता आबा महिन्यातून दोनदा, ढोल चालला त्या दिवशी, शंभर ग्रॅम विकत आणतात. तेवढी आम्हां चौघांनाच पुरते. पाहुण्यांना चहा मिळतो.