विद्यापीठास माल पुरविण्यापूर्वी

तानसा नदीकांठचें अकलोली हें भिवंडी तालुक्यांतील गांव ऊन पाण्याच्या कुंडांमुळें सर्वांस ठाऊक आहे. त्या बाजूच्या शेतकऱ्याचें मुख्य पीक भात. गिऱ्हाईक दारीं आलें म्हणजे मूठभर तांदूळ हातावर घेतें, एक दाणा दांताखालीं चावून पाहतें, आणि भाव ठरतो. परंतु हाच तांदूळ, भाजीपाला किंवा बागेच्या निगेसारखी सेवा मुंबईंतील एखाद्या विद्यापीठास पुरवावयाची झाल्यास व्यवहार अगदीं निराळा होतो. तेथें आधीं कागद पाहिला जातो, माल मागाहून. हा फरक न ओळखल्यानें चांगला माल असूनही शेतकरी बाहेर राहतो, किंवा काम मिळूनही तोट्यांत येतो. म्हणून या खरेदीची रीत येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विद्यापीठाचा पैसा हा लोकांचा पैसा होय. तो खर्च करणाऱ्या अधिकाऱ्यास मागाहून लेखापरीक्षकासमोर उत्तर द्यावें लागतें. अमक्याचाच माल कां घेतला, या प्रश्नाचें उत्तर ओळख अथवा विश्वास हें असूं शकत नाहीं. कागदच उत्तर देतो. मुंबई विद्यापीठ १८५७ सालचें. त्यास व राज्यांतील इतर सार्वजनिक विद्यापीठांस २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम लागू असून त्यांत खरेदी समितीची तरतूद आहे. राज्य शासनाच्या खरेदीची नियमपुस्तिका उद्योग विभागानें १ डिसेंबर २०१६ रोजीं काढली. दापोलीचें कोंकण कृषि विद्यापीठ १९७२ सालीं स्थापन झालें. कृषि विद्यापीठांचा कायदा वेगळा आहे. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेसारख्या केंद्रीय संस्थांस केंद्राचे २०१७ चे सामान्य वित्तीय नियम पाळावे लागतात. तेव्हां संस्था राज्याची कीं केंद्राची, हें प्रथम विचारून घ्यावें.

खरेदीची रीत रकमेवर ठरते. केंद्राचे नियम २०१७ सालीं झाले तेव्हां २५,००० रुपयांपर्यंत दरपत्रकावांचून, त्यापुढें अडीच लाखांपर्यंत तीन जणांच्या स्थानिक समितीनें बाजारांत चौकशी करून, आणि २५ लाखांपासून पुढें जाहीर निविदेनें खरेदी करावी, अशा पायऱ्या होत्या. या मर्यादा वेळोवेळीं बदलतात. चालू आंकडे त्या संस्थेच्या भांडार विभागांत मिळतात. ऑगस्ट २०१६ मध्यें केंद्रानें शासकीय ई-बाजारपेठ सुरू केली असून पुष्कळशी खरेदी तिच्यामार्फत होते. राज्यांतील निविदा महाटेंडर्स या संकेतस्थळावर निघतात. तेथें दर भरण्यास अंकीय स्वाक्षरीचें प्रमाणपत्र लागतें. तें आयत्या वेळीं मिळत नाहीं, म्हणून आधींच काढून ठेवावें.

निविदा, ज्यास गांवांत टेंडर म्हणतात, बहुधा दोन लिफाफ्यांची असते. पहिल्यांत नोंदणी, कराचीं व अनुभवाचीं कागदपत्रें, दुसऱ्यांत दर. पहिला लिफाफा अपुरा ठरला तर दुसरा उघडलाच जात नाहीं, मग आंतील दर कितीही कमी असो. मुदत टळल्यावर आलेली निविदा विचारांत घेत नाहींत. दरापुढें ‘डिझेल महागल्यास वाढवूं’ अशी पुस्ती जोडली तर ती सशर्त ठरून बाद होण्याचा संभव असतो. शंका असेल तर निविदापूर्व सभेंत विचारावी, व निघालेलें शुद्धिपत्रक शेवटच्या दिवसापर्यंत पाहत राहावें. निविदेबरोबर इसाऱ्याची रक्कम भरावी लागते. केंद्राच्या नियमांत ती अंदाजित किंमतीच्या २ ते ५ टक्के आहे. दर उघडल्यावर माघार घेतली तर ही रक्कम जप्त होते आणि पुढील निविदांसही बंदी येऊं शकते.

म्हणूनच दर लिहिण्यापूर्वीं हिशेब पुरता झाला पाहिजे. अटींत बसणाऱ्यांपैकीं ज्याचा दर सर्वांत कमी त्यास काम मिळतें, हें ऐकून पुष्कळ जण दर खालीं ओढतात. एक उदाहरण घेऊं. समजा, भात क्विंटलास २,४०० रुपये आहे आणि एक क्विंटल तांदुळास दीड क्विंटल भात लागतें. भाताचे ३,६०० झाले. कोंडा-कणीची आवक वजा जातां भरडाई ३००, निवडणें १००, पोतें ६०, वाहतूक १५०, एकूण ४,२१०. येथेंच थांबून ४,२०० चा दर भरणारे आम्हीं पाहिले आहेत. परंतु पैसा तीन महिन्यांनीं आला, तर दरसाल १२ टक्क्यांनीं १२६ रुपये व्याज चढतें, आणि खरा खर्च ४,३३६ होतो. शंभर क्विंटलांवर १३,६०० रुपये घरचे घालावे लागतील, नफ्याची गोष्ट दूरच! कर दरांत धरला आहे कीं वेगळा, हेंही पाहावें. २५ किलोपर्यंतच्या वेष्टित व लेबल लावलेल्या तांदुळावर १८ जुलै २०२२ पासून वस्तु व सेवा कर लागू झाला.

काम मिळाल्यावर मंजूर नमुन्याचा एक मोहोरबंद भाग आपल्याजवळ ठेवावा. प्रत्येक खेपेस वजन व तारीख लिहिलेली पोंच घेतल्यावांचून गाडी परत आणूं नये. याचें कारण कायद्यांत आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमाप्रमाणें, माल पोंचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत न आल्यास तो स्वीकारला असें धरलें जातें. सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे देण्याचा करार स्वीकारापासून ४५ दिवसांपलीकडचा असूं शकत नाहीं. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीनें व्याज मागतां येतें. मात्र हें संरक्षण नोंदलेल्या उद्योगास आहे. नुसतें पीक काढणें हा त्या अर्थीं उद्योग नव्हे. भात भरडून तांदूळ विकणारी गिरणी नोंद करूं शकते. केंद्रीय संस्थांत अशा उद्योगांस इसाऱ्याच्या रकमेचीही सूट आहे.

आणखी एक सावधगिरी. वसतिगृहाची खानावळ पुष्कळदा ठेकेदाराकडे असते. अशा ठिकाणीं आपलें गिऱ्हाईक विद्यापीठ नसून ठेकेदार होय. बिल त्याच्या नांवें फाटतें आणि थकल्यास विद्यापीठाच्या दारीं दाद लागत नाहीं. बिल कोणाच्या नांवें, हा प्रश्न पहिल्या दिवशींच विचारावा.

एकट्या शेतकऱ्यास एवढीं कागदपत्रें, भांडवल व तीन महिन्यांची वाट झेपणार नाहीं. पण पांच-पंचवीस जणांची सहकारी संस्था अथवा शेतकरी उत्पादक कंपनी असेल तर एकच नोंदणी, एकच हिशेब व एकच गाडी सर्वांस पुरते. भाजीपाला व फळें २०१६ सालीं महाराष्ट्रांत बाजार समितीच्या नियमनांतून मुक्त झालीं, त्यामुळें संस्थेस तीं थेट देण्यास तो अडथळाही उरला नाहीं. आरंभ दरपत्रकाच्या लहान कामानें करावा; तें वेळेवर पुरें केल्याचा दाखला पुढील निविदेंत अनुभव म्हणून उपयोगीं पडतो. आपला तांदूळ चांगला आहे हें आपणांस ठाऊक असतें. तो चांगला असल्याचें लिहून, मोजून व वेळेवर दाखविणें एवढेंच शिकावयाचें राहिलें आहे.