निर्देशक भूमितीचा गृहपाठ : अडते नेमके कुठे?

गृहपाठाचे गणित : लेखांक ५

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या इयत्ता दहावीच्या ‘गणित भाग २’मध्ये निर्देशक भूमितीचे प्रकरण पाचवे आहे. अंतराचे सूत्र, विभाजनाचे सूत्र, त्यातूनच निघणारी मध्यबिंदूची व मध्यगासंपात बिंदूची सूत्रे आणि रेषेचा चढ, एवढाच त्याचा पसारा. सूत्रे मोजकी, म्हणून ती पाठ केली की प्रकरण झाले असे वाटते आणि गृहपाठ तिसऱ्या-चौथ्या उदाहरणाशी अडतो. नुसत्या ‘येत नाही’वरून मदत करणाऱ्याला काहीच कळत नाही. बिंदू आलेखावर मांडणे, सूत्र निवडणे, चिन्हे सांभाळून आकडेमोड करणे आणि शेवटी निष्कर्ष लिहिणे या चार पायऱ्यांपैकी कोणती निसटली, हे आधी शोधावे लागते.

भूमितीला बीजगणिताशी जोडण्याची ही पद्धत मांडणारा रने देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाचा भूमितीवरचा ग्रंथ १६३७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास प्येर द फर्मा या गणितज्ञानेही स्वतंत्रपणे हीच वाट शोधली होती. आकृतीतल्या लांबी-रुंदीला बीजगणिताची भाषा दिली की भूमितीचा प्रश्न समीकरणाने सुटतो, आणि समीकरणाचे उत्तर परत आकृतीवर पडताळता येते. या प्रकरणात मदत करण्याची किल्ली इथेच आहे. आकडेमोड अडली तर आकृतीकडे जावे, आकृती अडली तर आकड्यांकडे यावे.

अंतर : चौकोन मोजून पाहणे

क(−२, ३) आणि ख(४, −५) यांमधील अंतर काढायचे आहे. सर्वाधिक चुका पहिल्याच वजाबाकीत होतात. ४ − (−२) याचे उत्तर घाईत २ लिहिले जाते आणि अंतर १० ऐवजी √६८ येते. ‘वजा वजा अधिक’ हा नियम पुन्हा सांगण्यापेक्षा आलेख कागद पुढे ठेवावा. −२ पासून शून्यापर्यंत दोन घरे, शून्यापासून ४ पर्यंत चार, मिळून सहा. उभ्या दिशेने ३ पासून −५ पर्यंत आठ घरे. सहा आणि आठ या काटकोन करणाऱ्या बाजू झाल्या, कर्ण √(३६ + ६४) म्हणजे १०. अंतराचे सूत्र म्हणजे पायथागोरसचे प्रमेयच आहे, हे एकदा डोळ्यांनी दिसले की सूत्र विसरले तरी अडत नाही.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे √(३६ + ६४) याचे ६ + ८ = १४ करणे. आडवे सहा आणि उभे आठ घरे चालत गेले तर वाट १४ भरते. तिरपी सरळ वाट त्याहून कमीच असली पाहिजे. एवढा विचार केला तरी १४ हे उत्तर टिकत नाही.

विभाजन : कोणत्या टोकाजवळ?

ग(१, २) आणि घ(११, ७) यांना जोडणाऱ्या रेषाखंडाला बिंदू म हा २ : ३ या गुणोत्तरात विभागतो. सूत्रात २ कोणाला गुणायचा आणि ३ कोणाला, इथे गोंधळ होतो. आधी सूत्राशिवाय पाहावे. रेषाखंडाचे एकूण पाच भाग. आडवे अंतर १०, म्हणून प्रत्येक भाग २ चा. उभे अंतर ५, म्हणून प्रत्येक भाग १ चा. ग पासून दोन भाग पुढे गेले की आडवे ४ आणि उभे २ वाढतात. म्हणून म चे निर्देशक (५, ४).

आता सूत्र : (२ × ११ + ३ × १) ÷ ५ = ५ आणि (२ × ७ + ३ × २) ÷ ५ = ४. गुणोत्तरातला पहिला अंक दुसऱ्या बिंदूला गुणला जातो. अंकांची अदलाबदल झाली तर उत्तर (७, ५) येते. हा बिंदू घ च्या जवळचा आहे, तर २ : ३ मध्ये ग कडचा भाग लहान आहे. आकृती काढलेली असेल तर ही चूक लगेच लक्षात येते.

मध्यबिंदूसाठी वेगळे पाठांतर लागत नाही. गुणोत्तर १ : १ घेतले की झाले. त्रिकोणाचा मध्यगासंपात बिंदू प्रत्येक मध्यगेला शिरोबिंदूकडून २ : १ या गुणोत्तरात विभागतो, म्हणून त्याचे सूत्रही विभाजनाच्या सूत्रातूनच मिळते.

चढ : उभ्या रेषेचा पेच

चढ म्हणजे उभा बदल भागिले आडवा बदल. वर आणि खाली बिंदूंचा क्रम एकच ठेवायचा, ही एकमेव अट. वरच्या रेषाखंडासाठी तो (७ − २) ÷ (११ − १), म्हणजे १/२. ग ते म चा चढ २/४ आणि म ते घ चा ३/६. तिन्ही सारखेच, म्हणजे म खरोखर त्याच रेषेवर आहे. एका सूत्राचे उत्तर दुसऱ्याने असे तपासण्याची सवय लागली तर विद्यार्थ्याला उत्तरसूची उघडण्याची घाई राहत नाही.

आडव्या रेषेत उभा बदल शून्य असतो, म्हणून तिचा चढ ०. उभ्या रेषेत आडवा बदल शून्य असतो आणि शून्याने भागता येत नाही, म्हणून तिचा चढ ठरवता येत नाही. तिथेही ० लिहिले तर आडवी आणि उभी रेषा एकच ठरेल.

निष्कर्ष : जुन्या भूमितीची आठवण

(०, ०), (४, ३), (९, ३) आणि (५, ०) हे एका चौकोनाचे क्रमाने घेतलेले शिरोबिंदू आहेत. चारही बाजू ५ येतात आणि वहीत ‘म्हणून हा चौरस आहे’ असे लिहिले जाते. कर्ण काढले तर एक √९० आणि दुसरा √१० येतो. कर्ण समान नाहीत. हा समभुज चौकोन आहे, चौरस नाही. अशा उदाहरणात सगळी सूत्रे बरोबर वापरूनही उत्तर चुकते, कारण कच्चेपणा चौकोनांच्या गुणधर्मांत असतो. इथे मदत म्हणून चौकोनांच्या प्रकारांची उजळणी करून घ्यावी.

मदत मागताना आणि करताना

सेमी-इंग्रजी वर्गातल्या मुलांच्या घरी आणखी एक अडसर असतो. मूल ‘ओरिजिन’, ‘स्लोप’, ‘सेंट्रॉइड’, ‘ऱ्हॉम्बस’ म्हणते. मराठीतून शिकलेल्या पालकांना आरंभबिंदू, चढ, मध्यगासंपात, समभुज चौकोन हे शब्द माहीत असतात. वहीच्या शेवटच्या पानावर दोन्ही भाषांतल्या शब्दांची जोडयादी केली की पालकांना येणारे गणित मुलाच्या कामी येते.

मदत मागणाऱ्याने तीन गोष्टी सोबत न्याव्यात : कच्ची आकृती, काय दिले आहे व काय काढायचे आहे याची एक ओळ, आणि जिथे गाडी अडली ती पायरी. मदत करणाऱ्याने पेन विद्यार्थ्याच्याच हातात ठेवून फक्त ती पायरी मोकळी करावी आणि पुढचे त्यालाच करू द्यावे. नंतर संख्या बदलून तसेच एक उदाहरण द्यावे; ते एकट्याने सुटले की मदत पोहोचली. जिओजेब्रासारख्या संगणकीय साधनात बिंदू टाकताच आकृती उमटते, पण ते हाताने आकृती काढून झाल्यावर पडताळणीसाठी वापरावे. गाइडमधून उतरवलेल्या उत्तरात म ची जागा चुकली तरी कळत नाही. स्वतः मांडलेल्या बिंदूची चूक आलेखावरच दिसून येते.

(पुढील लेखांक : त्रिकोणमितीतील उंची आणि अंतरे)