बाई, सावली उलटी कशी पडली?

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात. त्या आठवड्यात जुळे सोलापुरातल्या कुठल्याही शाळेच्या पटांगणात एक मीटर उंचीची काठी ओळंब्यात सरळ उभी करावी आणि दुपारी साडेबाराच्या सुमारास तिची सावली मोजावी. सावली जेमतेम दहा सेंटिमीटर भरते आणि ती पडते दक्षिणेकडे. हीच काठी २२ डिसेंबरला त्याच वेळी बघितली, तर सावली ८७ सेंटिमीटर लांब असते आणि तोंड उत्तरेकडे असतं. चुन्याने खुणा करून ठेवल्या असतील, तर सहा वर्षांच्या मुलालाही दिसतं की मधल्या काळात काहीतरी मोठं घडलं आहे.

सोलापूर सुमारे १७.७ उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या बरंच दक्षिणेला आहे. त्यामुळे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात भरदुपारचा सूर्य इथे बरोबर माथ्यावर येतो, मग उत्तरेकडे सरकतो आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा माथ्यावर येऊन दक्षिणेकडे परततो. त्या दोन वेळी काठीची सावली काही क्षण नाहीशी होते. ‘दुपारी सूर्य डोक्यावर असतो’ हे वाक्य मुलं बालवाडीपासून घोकतात. सोलापुरात ते तंतोतंत खरं ठरतं ते वर्षातून दोनदाच. मेमध्ये शाळेला सुटी असते. ऑगस्टमध्ये शाळा भरलेली असते, फक्त ढगांनी साथ द्यायला हवी.

पहिलीतल्या मुलांना पृथ्वीचा आस कललेला आहे हे सांगायची काहीच घाई नाही. काठी, चुना, खुणेशेजारी लिहिलेली तारीख, एवढंच त्या वयाला पुरतं. आस पुढच्या इयत्तांत भेटेलच. तोवर ज्या मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी सावली दक्षिणेची उत्तरेला गेलेली पाहिली आहे, त्याच्यासाठी तो धडा एका जुन्या कोड्याचं उत्तर असेल.

प्रश्न आहे तो बाईंचा. लहान मुलांना शिकवणाऱ्या बहुतेक शिक्षिका आणि अंगणवाडी सेविका स्वतः फळा आणि पुस्तक यांच्या आधाराने विज्ञान शिकल्या. त्यांनी ही काठी कधी रोवली नाही, म्हणून वर्गात ती रोवायचं सुचत नाही. त्यातून भीती असते ती मुलांच्या ‘का’ची. उत्तर आलं नाही तर वर्गासमोर पत जाईल, असं वाटतं. मग सगळ्यात सुरक्षित वाट धरली जाते: धडा वाचायचा, प्रश्नोत्तरं लिहून द्यायची. याला आळस म्हणणं अन्यायाचं आहे. जे हातात दिलंच नाही, ते वाटायचं कुठून?

म्हणून सुरुवात शिक्षकांपासून करायला हवी, आणि तीही सभागृहाबाहेर. विजापूर रस्ता आणि होटगी रस्त्याच्या मधल्या जुळे सोलापूर या वाढत्या वस्तीत घरांच्या ओळींमध्ये मोकळे प्लॉट अजून शिल्लक आहेत, आणि मोकळ्या जागेत रुई उगवते. मुलांना ती ओळखीची असते, कारण शनिवारी मारुतीच्या गळ्यात तिच्या पानांची माळ असते. पण पान उलटं करून मागची बाजू पाहिलेली मोठी माणसंही थोडीच.

त्या मागच्या बाजूला बऱ्याचदा खसखशीच्या दाण्याएवढं पांढुरकं अंडं चिकटलेलं सापडतं. नारिंगी पंखांचं, काळ्या-पांढऱ्या कडांचं फुलपाखरू हळूहळू उडताना सगळ्यांनी पाहिलेलं असतं. इंग्रजीत त्याला प्लेन टायगर म्हणतात. हे अंडं त्याचं. काही दिवसांत त्यातून अळी निघते. तिच्या अंगावर काळे, पांढरे, पिवळे पट्टे आणि पाठीवर मऊ काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. ती रुईचं पान कुरतडत राहते, कात टाकत वाढते, मग एके दिवशी उलटी लटकून कोष करते. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा प्रवास हवामानानुसार साधारण तीन-चार आठवड्यांत पुरा होतो. शाळेच्या एका महिन्यात मावेल अशी ही गोष्ट आहे.

गंमत पुढे आहे. रुईचा चीक विषारी. ती अळी ते विष पचवते आणि अंगात साठवते. म्हणून पक्षी एकदा चव घेतल्यावर तिच्या आणि तिच्यापासून होणाऱ्या फुलपाखराच्या वाटेला सहसा जात नाहीत. फुलपाखरू निवांत उडतं ते याच भरवशावर. दुसऱ्या एका जातीच्या मादीने तर या फुलपाखरासारखेच रंग धारण केले आहेत. अंगात विष नसताना तिला त्या रंगांचं संरक्षण मिळतं. मात्र एक पथ्य कडक पाळायला हवं. रुईचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. पान उलटायचं काम बाईंचं, मुलांनी हात मागे बांधून बघायचं, आणि नंतर बाईंनी हात स्वच्छ धुवायचे.

अळी बघताना मुलं विचारतात, ‘हिला कडू लागत नाही का?’ इथे बाईंनी काय करावं, याबद्दल एक जुनं संशोधन फार उपयोगाचं आहे. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी १९७०च्या आसपास विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबत आणि लगेच दुसऱ्या मुलाकडे वळत किंवा स्वतःच उत्तर देत. हे थांबणं तीन सेकंदांपर्यंत वाढवलं, तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागली आणि मुलांचे स्वतःचे प्रश्न वाढले. तीन सेकंदांना पैसा लागत नाही. पट चाळीसचा असला, घंटा व्हायला आली असली, तरी ते देता येतात. ‘तुला काय वाटतं? कसं कळेल आपल्याला?’ असं विचारून थांबणाऱ्या बाईंना सगळी उत्तरं यावी लागत नाहीत.

महाराष्ट्राला हे परकं नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७मध्ये ते कोसबादच्या टेकडीवर नेलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. माँटेसरी पद्धतीची महागडी साधनं आदिवासी पाड्यावर परवडणारी नव्हती. त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं मानली. गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळा कुरणात गेली. त्या उपक्रमाचं नावच कुरणशाळा. आज जुळे सोलापुरातल्या बालवाडीत प्लास्टिकची फळं आणि छापील तक्ते पाहिले की ती शिदोरी कुठे सांडली, असा प्रश्न पडतो.

आणि सोलापूरला तर स्वतःचं उदाहरण आहे. ज्यांनी मराठीला ‘पक्षीकोश’ दिला ते मारुती चितमपल्ली ५ नोव्हेंबर १९३२ रोजी याच शहरात जन्मले आणि जून २०२५मध्ये याच शहरात त्यांनी देह ठेवला. रानाची ओढ त्यांना लागली ती लहानपणी, घरच्या माणसांचं बोट धरून. त्यांचा जन्मदिवस ते सलीम अली यांचा जन्मदिवस, म्हणजे ५ ते १२ नोव्हेंबर, हा आठवडा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. तो अनेकदा दिवाळीच्या सुटीला लागून येतो आणि शाळांच्या हातून निसटतो. सुटी संपल्यावर आठवडाभर उशिरा केला, तरी पक्ष्यांची हरकत असणार नाही.

त्या सप्ताहात भिंतीवर माळढोकाचं चित्र लागतं. नान्नजचं माळढोक अभयारण्य शहरापासून वीसेक किलोमीटरवर आहे, ते १९७९मध्ये जाहीर झालं, त्याचा अभिमान हवाच. पण माळढोक आता तिथेही क्वचितच दिसतो. पाच वर्षांच्या मुलाची ओळख न दिसणाऱ्या पक्ष्यापासून का करायची? मोकळ्या प्लॉटवर ओरडणारी टिटवी आहे. ती खड्यांमध्ये खड्यांसारखीच ठिपकेदार अंडी घालते आणि कोणी जवळ गेलं की डोक्यावर घिरट्या घालून गोंधळ करते. तारेवर बसून हवेतल्या हवेत माशी टिपणारा वेडा राघू आहे. संभाजी तलावही जवळच आहे. टिटवीचं अंडं न उचलता लांबून बघायला शिकलेलं मूल पुढे माळढोकाची काळजी समजू शकेल.

माती तर पायाखालीच आहे. काचेच्या पेल्यात कोरडी काळी माती अर्धी भरावी, पाणी ओतावं, पातळीवर खूण करावी. माती फुगते, पुढच्या दिवसांत वाळते, आक्रसते आणि पेल्याच्या काचेपासून सुटते. तिच्यातल्या चिकणमातीच्या थरांमध्ये पाणी शिरतं आणि निघून जातं, म्हणून. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या भेगा आणि घराच्या भिंतीला गेलेला तडा यांचं नातं मुलं स्वतःच जोडतात.

हे सगळं बाईंनी एकटीने करायचं का? अजिबात नाही. गणवेश मळला की पालक तक्रार करतात, मूल पटांगणात धडपडलं की मुख्याध्यापक जाब विचारतात, आणि अहवाल, ॲप, सर्वेक्षणं यांतून वेळ उरत नाही. दर महिन्याच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतला एक तास तरी खुर्च्या सोडून मैदानात घालवता येईल. तिथे शिक्षकांनी स्वतः पान उलटावं, स्वतः सावली मोजावी, स्वतः चुकावं. मराठी विज्ञान परिषद १९६६पासून काम करते आहे, केगावला विज्ञान केंद्र आहे, अरविंद गुप्तांची टाकाऊतली खेळणी मराठीतून मोफत पाहता येतात. साहित्याची वाण नाही. मुख्याध्यापकांनी ‘आजचा तास बाहेर घ्या’ एवढं म्हणण्याची मात्र आहे.

ज्यांना एकच गोष्ट करून बघायची आहे, त्यांनी शाळेजवळचा एक कडुनिंब निवडावा. ‘सीझनवॉच’ या देशव्यापी उपक्रमात शाळा हेच करतात: एक झाड, दर आठवड्याला एक नोंद. कोवळी पानं किती, पिकलेली किती, मोहोर आहे का, लिंबोळ्या लागल्या का. परिपाठानंतरची पाच मिनिटं पुरतात. पहिलीतली मुलं रंगीत खडूने नोंद करतील, चौथीतली आकड्यांत. मोहोर पाडव्याच्या आधी आला की नंतर, हे तीन-चार वर्षांच्या वह्या शेजारी ठेवल्या की सांगता येईल, आणि ती माहिती त्या झाडापुरती दुसऱ्या कोणाकडेही नसेल.