पीएलसी : कारखान्यातील नियंत्रणाचा पाया

उगम

१९६८ मध्ये अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने रिले म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचच्या पॅनेलला पर्याय मागवला. उत्पादनात बदल झाला की रिलेंची वायरिंग उकलून पुन्हा करावी लागे आणि तोवर यंत्रे बंद राहत. अभियंता डिक मॉर्ली व सहकाऱ्यांनी तयार केलेला ‘मोडिकॉन ०८४’ हा आद्य पीएलसींपैकी, म्हणजे प्रोग्रॅम करता येणाऱ्या नियंत्रकांपैकी, एक. त्यात तारांऐवजी प्रोग्रॅम बदलला की काम भागे.

कार्यपद्धती

सेन्सर व स्विच यांची स्थिती वाचणे, प्रोग्रॅमप्रमाणे निर्णय घेणे आणि मोटर, व्हॉल्व्ह यांना आदेश देणे, हे चक्र पीएलसी अखंड चालवतो. एक फेरी बहुधा काही मिलिसेकंदांत पुरी होते. रिलेच्या आकृत्या वाचणाऱ्या तंत्रज्ञांना समजावा म्हणून प्रोग्रॅम ‘लॅडर’ आकृतीत लिहिण्याची पद्धत पडली, ती आजही टिकून आहे.

संदेशांची रचनाही विचारपूर्वक केलेली असते. टाकीची पातळी मोजणारा ट्रान्समीटर सामान्यतः ४ ते २० मिलिअँपिअर प्रवाह देतो. टाकी रिकामी असली तरी ४. प्रवाह शून्यावर आला तर तार तुटली किंवा उपकरण बिघडले असे समजावे. मोजणी शून्यापासूनच सुरू केली असती, तर रिकामी टाकी आणि तुटलेली तार सारखीच दिसली असती.

एकात्मीकरण

एकट्या पीएलसीवर कारखाना चालत नाही, त्याच्यावर सॉफ्टवेअरचे थर असतात. पीएलसी यंत्र चालवतो, स्काडा अनेक यंत्रांची स्थिती पडद्यावर आणते, एमईएस कोणत्या बॅचला कोणता कच्चा माल लागला याची नोंद ठेवते आणि ईआरपी मागणी, साठा व हिशेब पाहते. मागणी वरून खाली उतरते, उत्पादनाचे आकडे खालून वर चढतात. खरी अडचण या थरांच्या सांध्यांत असते, कारण प्रत्येक उत्पादकाच्या उपकरणाची संदेशपद्धती वेगळी. १९७९ चा मॉडबस हा संदेश-नियम आणि १९९६ चे ओपीसी हे मानक ही त्यावरची उत्तरे.

मर्यादा

जोडणी वाढली की धोकाही वाढतो. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या संगणक-विषाणूने इराणमधील नातान्झ येथील सेंट्रिफ्यूजचा वेग पीएलसीमार्फत बिघडवला आणि नियंत्रण यंत्रणेला मात्र सारे सुरळीत असल्याचे भासवले. मूळ मॉडबसमध्ये तर आदेश कोणाकडून आला हे पडताळण्याची सोयच नाही. तरीही तो अनेक कारखान्यांत अजून वापरात आहे.